दिवाळीच्या किल्ल्यापासून बोरन्हाणापर्यंत: लहान मुलांबरोबरचा हिवाळा

वसुबारस ते रथसप्तमी हे साधारण सव्वातीन महिने म्हणजे महाराष्ट्रात लहान मुलांना घेऊन बाहेर पडायचा सगळ्यात चांगला काळ. पाऊस ओसरलेला असतो, ऊन टोचत नाही, शेतात ज्वारी उभी असते, जलाशयांवर पाहुणे पक्षी उतरतात. सणही असे, की ज्यांत मुलांना मानाची जागा आहे. तरी पुष्कळ घरांत हे महिने खरेदीत, फराळात आणि भेटीगाठींत निघून जातात आणि मूल कुणाच्या तरी कडेवरून सगळं नुसतं बघत राहतं.

या लेखात मी चारच गोष्टी घेतल्या आहेत: किल्ला, पक्षी, हुरडा आणि बोरन्हाण. दोन ते सात वर्षांचं मूल असलेल्या घराला एका हंगामात एवढंच नीट जमतं. याहून जास्त आखलं की धावपळ होते आणि मुलं किरकिरी होतात.

पुढे जे सांगणार आहे ते दोन गोष्टींवर उभं आहे. पहिली, प्रत्येक वेळी मुलाच्या हाताला खरं काम हवं. ज्यावाचून पुढचं अडेल असं काम. दुसरी, सगळं वेळापत्रक मुलाच्या झोपेभोवती बांधायचं. दुपारी एक ते तीन झोपणारं मूल असेल तर सहल सकाळची आणि समारंभ संध्याकाळी पाचचा. पाहुण्यांच्या सोयीची वेळ त्यानंतर बघायची.

किल्ला: आधी खरा बघा, मग मातीचा करा

दिवाळीचा किल्ला करण्याआधी एक खरा किल्ला दाखवून आणा. पाच वर्षांच्या मुलाला ‘तटबंदी’ किंवा ‘बुरूज’ चित्रावरून कळत नाही, पण तटाला हात लावून दहा पावलं चाललं की कळतं. अगदी लहान मूल असेल तर सिंहगड किंवा पन्हाळा घ्या, दोन्हीकडे गाडी वरपर्यंत जाते. चालायची सवय असलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला मळवलीजवळचा लोहगड छान. वरपर्यंत पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान, महा असे एकामागून एक वळणावळणाने येणारे चार दरवाजे आहेत. मुलांनी ते मोजायचे. गडाची विंचूकाटा माची लांबूनही ओळखू येते आणि तिचं नाव मुलं विसरत नाहीत. जुन्नरजवळ असाल तर शिवनेरी. तिथे सात दरवाजे ओलांडून वर जायचं आणि 1630 साली महाराजांचा जन्म झाला ती वास्तू बघायची. लोहगड आणि शिवनेरी दोन्ही युनेस्कोने जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या बारा किल्ल्यांत आहेत.

गडावर मुलाला एकच प्रश्न द्या: दरवाजा लांबून दिसतो का? बहुतेक ठिकाणी दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड, वळण घेतल्यावरच तो समोर येतो. हे एकदा ध्यानात आलं की घरच्या किल्ल्यातही मूल दरवाजा लपवायला बघतं, आणि तिथून किल्ला त्याचा व्हायला लागतो. कड्याच्या बाजूला मात्र हात सोडायचा नाही. नऊच्या आत चढून ऊन वाढायच्या आत खाली यायचं.

आता घरचा किल्ला. वसुबारसेच्या सहा-सात दिवस आधी सुरुवात करा, कारण अळीव उगवून हिरवं दिसायला चार-पाच दिवस लागतात. जागा तीन फूट बाय तीन फूट पुरते. अंगण असेल तर प्रश्नच नाही. गॅलरीत करायचा तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, पाणी जायची मोरी मोकळी ठेवा आणि ओल्या मातीचं वजन लक्षात घ्या. गॅलरीतल्या किल्ल्याचा गाभा मातीचा न करता पालथी घमेली, जुन्या कुंड्या आणि पुठ्ठ्याची खोकी यांचा करावा. अंगणात विटा आणि दगड.

माती शक्यतो लाल घ्या. काळी माती सुकली की भेगा पडतात आणि दुसऱ्या दिवशी बुरूज उकललेला दिसतो. काळीच मिळाली तर तिच्यात चाळलेली वाळू आणि थोडं शेणखत मिसळा. माती आधी मोठ्यांनी चाळायची. काचा, खिळे, बाभळीचे काटे निघतात. मगच ती मुलांच्या हाती द्यायची.

विटा-दगडांची उतरंड रचून झाली की गोणपाटाचे तुकडे पातळ गाऱ्यात बुडवून तिच्यावर पसरायचे. डोंगराचा आकार गोणपाटाने येतो, नुसत्या मातीने येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गोणपाट बसलं की वर घट्ट मातीचा हात फिरवायचा. पायऱ्यांसाठी फूटपट्टी ओल्या मातीत दाबत वर न्यायची. विहिरीला नारळाची करवंटी, तळ्याला जुनी ताटली. गुहेसाठी डबा आडवा पुरायचा, आणि माती आवळली की तो फिरवून हलक्या हाताने काढून घ्यायचा.

कामाची वाटणी वयावर. दोन-तीन वर्षांचं मूल गारा तुडवतं. हे काम खरंच लागतं आणि तेवढ्या आनंदाने दुसरं कुणी करत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांकडे पेरणी द्या. अळीव तासभर पाण्यात ठेवले की बुळबुळीत होतात आणि उतारावर चिकटून बसतात, म्हणून मोहरीपेक्षा ते बरे. चिमटीने लावायचे, वर माती टाकायची नाही, आणि रोज सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं. झारीने घातलं की बी वाहून खाली गोळा होतं. सहा-सात वर्षांचं मूल तटबंदी बांधतं, चर्या कापतं, रांगोळीने रस्ते आखतं.

मग चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती. महाराजांचं सिंहासन सगळ्यात वर, तटावर मावळे, पायथ्याशी गाव: गवळण, वासुदेव, भाजीवाली, बैलगाडी. मातीची चित्रं घ्या, रंग उडाला तरी घरी पुन्हा देता येतो. आणि एक कळकळीची विनंती आहे: मूल झोपल्यावर किल्ला ‘नीट’ करू नका. वाकडा बुरूज वाकडा राहू द्या. प्लॅस्टिकची जीप गडावर चढली तर चढू द्या. सकाळी उठून मुलाला आपला बुरूज सरळ झालेला दिसला की ते पुढे हात लावायला कचरतं.

पणत्या किल्ल्याच्या पुढ्यात, जमिनीवर. उघडं राहिलेलं गोणपाट वाळलं की पटकन पेट घेतं. तुळशीच्या लग्नानंतर मुलांच्याच हातून किल्ला मोडा, माती कुंड्यांत भरा, चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि खोक्यावर मुलाकडून नाव लिहून घ्या.

फटाक्यांबद्दल थोडक्यात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात फुलबाजी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिचं टोक हजार अंशांच्या घरात तापतं आणि विझल्यावरची तार पायाखाली येते. पेटवायचीच तर मोठ्यांनी पेटवावी, अंगात सुती कपडे, पायात बूट आणि शेजारी पाण्याची बादली. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही.

पाण्यावरची सकाळ

डिसेंबर ते मार्च या काळात एक सकाळ पक्ष्यांसाठी राखून ठेवा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. तिथे उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, पट्टकदंब, शेकाट्या, नदी सुरय असे कितीतरी पक्षी दिसतात. मुंबई-ठाण्याच्या लोकांना एवढं लांब जायचं कारण नाही. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य ऐरोलीहून बघता येतं. नाशिककरांना गोदावरीवरचं नांदूरमधमेश्वर जवळ, संभाजीनगरकरांना जायकवाडीचा नाथसागर.

भिगवणला जायच्या आधी तिथल्या नावाड्याला एक फोन करून विचारा, ‘पाणी किती उतरलंय?’ रोहित उथळ पाण्यात उभे राहून चरतात. पाऊस चांगला होऊन धरण तुडुंब असेल तर डिसेंबरात काठ खोल असतात आणि रोहित उशिरा येतात. अशा वर्षी जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बरा. मुलाला ‘गुलाबी पक्षी बघायला जाऊ’ असं सांगून नेलं आणि ते दिसलेच नाहीत, तर दिवसभर त्याची समजूत घालत बसावं लागतं.

निघायचं पहाटे. मुलाला झोपेतच गाडीत ठेवा, मात्र त्याच्या स्वतःच्या आसनावर, पट्टा लावून. साडेसातपर्यंत पोहोचलात तर ऊन कोवळं असतं, पाणी शांत असतं आणि पक्षी चरत असतात. नावेत बसायच्या आधी मुलाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट आहे का ते बघा. मोठ्यांचं जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मापाचं नसेल तर मुलाला घेऊन नावेत जाऊ नका, काठावरूनही खूप दिसतं. नावेत कुणी उभं राहायचं नाही आणि नावाड्याला पक्ष्यांचा थवा उडवून दाखवायला सांगायचं नाही. लांबून उडत आलेल्या पक्ष्यांना तिथे चरायला आणि विसावायला मिळालं पाहिजे.

लहान मुलांना दुर्बीण लावता येत नाही, एका डोळ्याने झाडच दिसत राहतं. तिच्याऐवजी आदल्या दिवशी कागदावर चार चित्रं काढून न्या: वाकडी चोच, लांब लाल पाय, पसरट चोच, गुलाबी पंख. दिसलं की मुलाने खडूने खूण करायची. मुलाचं काम ते. रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि पाणी गाळून खातो, त्याचा गुलाबी रंग शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून येतो, एवढं सांगितलं की पुष्कळ झालं. पंधरा पक्ष्यांची नावं पाठ करून घेऊ नका. तासाभराची फेरी पुरे. अकराला परतीच्या वाटेला लागलात की मूल गाडीत झोपतं आणि दुपार सगळ्यांचीच सुखाची जाते.

कानटोपी आणि कपड्यांचा एक जादा जोड विसरू नका. पाण्यावरचा सकाळचा वारा झोंबतो.

हुरडा

ज्वारीचं कणीस भरलं, दाणा अजून हिरवा आणि दुधाळ आहे, असे दोन-चार आठवडे हुरड्याचे. डिसेंबरअखेरपासून जानेवारी संपेपर्यंत, काही भागांत फेब्रुवारीतही. सुरती आणि गूळभेंडी हे खास हुरड्याचे वाण, गोड आणि मळायला सोपे. कणीस तोडलं त्याच दिवशी भाजावं. शहरात पाकिटातला हुरडा मिळतो, तो घरी तव्यावर परतून खायला ठीक आहे, पण मुलांना शेतातच न्या. ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर उत्तम. नसेल तर कृषी पर्यटन केंद्र, पण गाणी-बजावणी आणि पोहण्याचे हौद असलेलं नको. तिथे हुरडा बाजूला राहतो. ‘आगटी आमच्यासमोर पेटवाल ना? मुलांना शेतात फिरू द्याल ना?’ हे दोन प्रश्न आधी विचारून घ्या.

मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला. ज्वारीच्या पानांची धार लागते आणि कणसाची कूस अंगाला लागली की खाज सुटते. मुलांनी आपापलं कणीस निवडायचं, मोठ्यांनी विळ्याने कापून द्यायचं. आगटी म्हणजे जमिनीतला खड्डा आणि त्यात फुललेल्या गोवऱ्या. तिच्याभोवती चार पावलांवर चुन्याने किंवा राखेने रिंगण आखा आणि मुलांना सांगा की आत फक्त भाजणारा जाणार. रिंगण डोळ्यांना दिसतं म्हणून मुलं ते पाळतात. नुसतं ‘लांब राहा’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही. वाऱ्याची दिशा बघून मुलांना धुराच्या उलट बाजूला बसवा.

भाजलेलं कणीस चटका देतं, ते तळहातांवर मळायचं काम सरावाच्या माणसाचं. मुलांनी पाखडायचं. छोटं सूप हातात द्या, भुसा उडवू द्या, दाणे सांडले तर सांडू द्या. गरम हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. लहानांना तिखट लागू नये म्हणून नुसतं दही आणि गूळ आधी बाजूला काढून ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाला दाणे बोटांनी चेपून थोडे थोडे द्यायचे. कोवळा असला तरी हुरडा पोटाला जड असतो, त्यामुळे मूठ-दोन मुठी झाल्या की थांबवा. वरून ताक द्या.

जेवणानंतर लगेच निघू नका. ऊस मोडून घेणं, विहिरीत लांबून डोकावणं, बैलांच्या पाठीवरून हात फिरवणं यात मुलांचा तास सहज जातो. विहिरीपाशी मुलाचा दंड धरून ठेवा, नुसतं बोट धरून भागत नाही. परत येताना चार गोवऱ्या मागून घ्या. त्या रथसप्तमीला लागतील.

बोरन्हाण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी करता येतं. बाळाची पहिली संक्रांत महत्त्वाची मानतात, आणि पाच वर्षांपर्यंत हौसेने करतात. काळं झबलं किंवा परकर-पोलकं, हलव्याचे दागिने, पाटाभोवती रांगोळी, औक्षण, आणि मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या. खाली पडलेलं बाकीच्या मुलांनी लुटायचं. एवढा साधा, एवढा मुलांचा समारंभ आपल्याकडे दुसरा नाही. तो हॉल घेऊन, फुग्यांच्या कमानी लावून मोठा करायची गरज मला कधीच वाटली नाही. घरची बैठक आणि आठ-दहा मुलं पुरेत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. शेंगदाणे, कडक हरभरे, छोट्या गोल गोळ्या, रेवड्या आणि बिया असलेली बोरं चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. खाली पडलेलं मुलं थेट तोंडात घालतात आणि गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मिश्रणात चारातले तीन भाग चुरमुरे आणि साळीच्या लाह्या ठेवा. बोरं मोठी घ्या, मूठभरच. शेंगा सालासकट. गोळ्या-चॉकलेटांऐवजी मोठे रंगीत खडू, कागदी भिंगऱ्या, मऊ बिस्किटांच्या पुड्या. छोटी खोडरबरं नकोत. उसाचे करवे आणि रेवड्या डोक्यावरून न ओतता मोठ्यांच्या हातात पिशवीतून द्या. करव्यांच्या कडा लागतात.

तरीही कुणाला ठसका लागून श्वास अडकला, आवाज निघेना, तर घशात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. वर्षाच्या पुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा, नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, मग पुन्हा थापा. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं धरून तशाच थापा, मग उताणं करून पोटाऐवजी छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाब. त्याच वेळी दुसऱ्या कुणी 108 लावायचा. घरातल्या दोघांना तरी हे आधी माहीत हवं.

हलव्याचे दागिने आदल्या दिवशी तपासा. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या टिकल्या, टाचण्या, सुट्या तारा काढून टाका. गळ्यातली दोरी ओढली की सुटेल अशी हलकी गाठ मारा. मुकुट कपाळाला टोचत असेल तर आतून मऊ कापड शिवा. दागिने आणल्यापासून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर मुंग्या लागतात. घरी करायचे असतील तर तयार हलवा आणून सुईदोऱ्याने ओवा. चार वर्षांची ताई बाळासाठी मोठ्या भोकाच्या मण्यांचा सर ओवू शकते, हलवा मध्ये मध्ये आजीने ओवायचा.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. मूल झोपून उठलं, दूध-खाऊ झाला की पाचच्या सुमाराला सुरू करा. आधी सगळ्या मुलांना नाव घातलेल्या कापडी पिशव्या द्या. पिशवी हातात असली की लुटीतली ढकलाढकली कमी होते. लहानांना पुढे आणि मोठ्यांना मागे बसवा. आईने बाळाला मांडीवर घ्यावं. औक्षणाचं निरांजन लगेच उचलून वर ठेवावं. आधी आजीने, मग आत्या, मावशी, काकूंनी वाटीवाटीने ओतायचं, एकदम सूप उपडं करायचं नाही. पहिली वाटी बाळाच्या हातात, दुसरी मांडीवर, मग खांद्यावर, आणि ते हसत असेल तरच डोक्यावर. रडायला लागलं तर थांबा. चार चुरमुरे अंगावर पडले तरी बोरन्हाण झालं. फोटोसाठी रडणाऱ्या बाळाला धरून ठेवलेलं मला बघवत नाही.

मोठं भावंड असेल तर त्याला पहिली वाटी ओतायचा मान द्या. नाहीतर दिवसभर बाळाचंच कौतुक बघून ते कोपऱ्यात रुसून बसतं.

परदेशात बोरं मिळत नाहीत म्हणून काही मराठी घरांत हे राहून जातं. लाह्या, चुरमुरे आणि तिळगूळ एवढ्यावरही छान होतं. थंडीत बंद घरातच करायचं असल्यामुळे जुनी चादर अंथरली की आवराआवरीही सोपी. पाहुणे जायच्या आधी जमिनीवरून एकदा नीट हात फिरवा, कोचाखालीसुद्धा. रांगतं बाळ दुसऱ्या दिवशी नेमकं तिथलंच काहीतरी शोधून काढतं.

रथसप्तमीची सकाळ

याला मोठी तयारी लागत नाही. आदल्या संध्याकाळी मुलाकडून पाटावर सूर्य आणि सात घोडे काढून घ्या. घोडे ओळखू आले नाहीत तरी सात मोजून घ्या. सकाळी अंगणात किंवा गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून गोवरी पेटवायची, तीवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि उतू जाऊ द्यायचं. इतर दिवशी दूध उतू गेलं की घरात ओरडा होतो, त्यामुळे मुलांना याचं फार अप्रूप. बोळकं दुधाने अर्धंच भरा, विस्तव मोठा करू नका, आणि मुलांना पाटापलीकडे बसवा. फ्लॅटमध्ये गोवरीचा धूर शेजारी जात असेल तर गच्चीची परवानगी आदल्या दिवशी घेऊन ठेवा. बोळक्यात उरलेल्या दुधात थोडे तांदूळ आणि गूळ घालून तिथेच खीर शिजवता येते. ती निवेपर्यंत हलव्याचे दागिने मुलांमध्ये वाटून टाका. पुढच्या वर्षापर्यंत ते टिकत नाहीत.